युजरनेम नेमकं किती लांब चालतं? ८, ३२ की २५६?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेतली साडेतीनशे खाती जुन्या युनिक्स मशीनवरून नव्या लिनक्स सर्व्हरवर न्यायचीत आणि ते काम माझ्या एकटीकडे आहे. वरून आदेश असा की युजरनेम म्हणजे पूर्ण नाव, म्हणजे नाव टिंब वडिलांचं नाव टिंब आडनाव, सगळं इंग्रजी लिपीत. यादी तयार होती, स्क्रिप्ट लिहिली, सोडली, आणि मधूनमधून एरर यायला लागले. खाती उघडणारं यूजरॲड म्हणतं इनव्हॅलिड युजर नेम. पहिल्यांदा वाटलं यादीत कुठे स्पेस राहिली असेल, पण नाही, मोजून बघितलं तर बत्तिसाच्या वर गेलेली सगळी नावं अडकलीयत.

आता गोंधळ असा आहे की सिस्टिमच्या मर्यादा सांगणाऱ्या गेटकॉन्फला विचारलं लॉगिन-नेम-मॅक्स, म्हणजे नावाची कमाल लांबी, किती तर ते २५६ सांगतं. यूजरॲड ३२ वर अडतं. आणि जी खाती झालीत त्यांची नावं पीएस ऑक्समध्ये, म्हणजे चालू प्रोसेसच्या यादीत, सात अक्षरं आणि पुढे अधिकचं चिन्ह अशी दिसतात. एकाच मशीनवर तीन उत्तरं. मला खरं कुठलं धरायचं तेच कळत नाहीये.

आणि हे नुसतं टेक्निकल राहिलेलं नाही म्हणून इथे लिहितेय. स्टोअरमध्ये एक काका आहेत, नाव बदलून सांगते पण अक्षरं तेवढीच, ज्ञानेश्वर चंद्रशेखर सूर्यवंशी. इंग्रजीत ११ अधिक १४ अधिक ११, दोन टिंबं धरून ३८. जुन्या मशीनवर त्यांचा आयडी सूर्यवान होता, कारण आडनावाची पहिली आठ अक्षरं तेवढीच बसायची. वीस वर्षं ते रोज सकाळी स्वतःचं आडनाव अर्धं टाईप करतायत. नवी सिस्टिम येणार कळल्यावर टेबलापाशी येऊन म्हणाले, ताई, आता तरी आडनाव पूर्ण लिहा. मी हो म्हटलं. आता काय करू?

टर्मिनलप्रेमी

गोदाताई, तिन्ही उत्तरं खरी आहेत, कारण ती तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतायत. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. लिनक्सच्या कर्नलला युजरनेम माहीतच नसतं. त्याला फक्त आकडा कळतो, यूआयडी. फाइल कोणाची, प्रोसेस कोणाची, परवानगी आहे का, सगळं आकड्यावर चालतं. नाव फक्त ईटीसीमधल्या पासवर्ड फाइलमध्ये, नाहीतर एलडॅपमध्ये, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक यादीत. तुम्ही फाइलींची यादी बघायला एलएस मारता तेव्हा ते बिचारं दर फाइलचा आकडा बघतं आणि त्या आकड्याचं नाव कोण म्हणून फाइलीत शोधून तुम्हाला दाखवतं.

म्हणजे नावाची लांबी ठरवणारा एक कोणी मालक नाही. ज्या ज्या प्रोग्रॅमने नाव ठेवायला जागा आखून ठेवली तो तो आपापली मर्यादा घेऊन बसलाय. गेटकॉन्फचं २५६ म्हणजे ग्लिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीने प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सांगितलेला आकडा, की नाव मागशील तर बफर एवढा ठेव, शेवटचा शून्य बाइट धरून. यूजरॲडचं ३२ येतं यूटीएमपीवरून. कोण कधी लॉगिन झालं त्याची नोंद ज्या रेकॉर्डमध्ये होते त्यात नावाला मोजून ३२ बाइटची जागा आहे. आणि पीएसचं आठ म्हणजे निव्वळ कॉलमची रुंदी.

पॉसिक्स, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमांचं मानक, तर अजून खाली जातं, ते म्हणतं कुठल्याही सिस्टिमने कमीत कमी ९ द्यावे, शेवटचा शून्य धरून, म्हणजे खात्रीची फक्त आठ अक्षरं.

जुना_जाणता

आठ कुठून आले ते मी सांगतो, त्या काळातला माणूस आहे.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये यूटीएमपीचं रेकॉर्ड अख्खं २० बाइटचं होतं. आठ बाइट टर्मिनल लाइनला, आठ बाइट नावाला, चार बाइट वेळेला. संपलं. आता २० बाइटचं आपल्याला काही वाटत नाही, पण पीडीपी-११ या तेव्हाच्या मशीनवर एक प्रोसेस ६४ केबीच्या पत्त्यात बसवायची, डिस्क काही मेगाबाइटची, आणि ही नोंद प्रत्येक लॉगिनला एक अशी वाढतच जाणार. त्या हिशेबात आठ अक्षरं म्हणजे सढळ हात होता. युनिक्स बनवणारी बेल लॅब्जमधली माणसं स्वतः तीन अक्षरांत भागवायची, केन थॉम्पसन म्हणजे नुसतं केन, डेनिस रिची म्हणजे डीएमआर, ब्रायन कर्निगन म्हणजे बीडब्ल्यूके. त्यांच्या टेबलावर कोणी सूर्यवंशी बसलेला नव्हता, त्यामुळे त्यांना आठ कमी पडतील असं वाटायचं कारणच नव्हतं.

पासवर्डही आठच. म्हणजे टाका कितीही, जुनं डीईएसवालं क्रिप्ट, म्हणजे पासवर्ड सांकेतिक करून ठेवणारं फंक्शन, पहिली आठ अक्षरंच बघायचं, पुढचं सोडून द्यायचं. केन थॉम्पसन यांच्या त्या काळातल्या पासवर्डचा हॅश २०१९ मध्ये फोडला लोकांनी, ती बुद्धिबळातली एक चाल निघाली, आणि मोजली तर बरोब्बर आठ अक्षरं.

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये नव्वदच्या सुरुवातीला युनिक्स आलं तेव्हा आयडी आडनावावरून दिले. कुलकर्णी इंग्रजीत लिहा, आठ. देशमुख, आठ. दोघं आरामात बसले. देशपांडे नऊ. त्यांचा शेवटचा ई गेला. वर्गात दोन देशपांडे होते, दुसऱ्याला आणखी एक अक्षर कापून पुढे २ लावला. तो मुलगा मला वर्षभर म्हणत होता की सर, माझी फाइल माझ्या नावाने दिसत नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि मला काही करता आलं नाही, ते अजून लक्षात आहे. म्हणून तुझ्या काकांबद्दल वाचून हात थांबेना.

आणखी एक, नाव मोठ्या लिपीत कधी देऊ नकोस. लॉगिन नाव विचारणाऱ्या जुन्या गेटीला सगळं नाव कॅपिटलमध्ये आलं की वाटायचं समोरचं टर्मिनल फक्त कॅपिटलवालं आहे, मग ते पुढचं सगळंच कॅपिटलमध्ये दाखवायला लागायचं. मुलं घाबरून मला बोलवायला यायची.

बदलापूर_लोकल

एआयएक्स, म्हणजे आयबीएमचं युनिक्स, चालवणाऱ्याकडून भर. एका बँकेचे सर्व्हर सांभाळतो, नाव नको. एआयएक्सला ही मर्यादा सेटिंगमध्ये मिळते, सिस-झिरो नावाच्या डिव्हाइसचं मॅक्स-लॉगनेम म्हणून. मुळात ९ असतं, त्यातलं एक शेवटच्या शून्याचं, म्हणजे आठ वापरायला. ५.३ आवृत्तीपासून ते वाढवता येतं, २५६ पर्यंत. सीएच-देव कमांडने आकडा बदलायचा आणि मशीन रीबूट करायचं. रीबूटशिवाय लागू होत नाही, आणि खरी अडचण तीच.

आमच्याकडे लिनक्सवरून काही खाती या बाजूला आणायची होती, पहिलंच नाव नऊ अक्षरी आणि ते घेतलंच नाही. आकडा बदलायला दोन मिनिटं लागली, पण रीबूटची परवानगी मिळायला तीन आठवडे, रविवारी पहाटे दोनची वेळ मिळाली. आणि त्या तीन आठवड्यांत आम्ही प्रत्येक जुना सी प्रोग्रॅम उघडून बघितला, कारण सेटिंग वाढवलं म्हणून काय झालं, एखाद्याने १९९८ मध्ये नावासाठी नऊ बाइटचा ॲरे आखून ठेवला असेल तर त्याच्यात वीस अक्षरं ओतल्यावर ते शेजारच्या मेमरीवर सांडणार. असे दोन सापडले. एक तर रात्रीच्या हिशेबाचा होता.

ताई, तुमच्या संस्थेत जुने प्रोग्रॅम असतील तर हे आधी बघा हो. लिनक्सवरही स्टँडर्ड हेडरमध्ये सी-युजरआयडी या जुन्या फंक्शनच्या बफरचा आकडा अजून ९ च आहे.

मुठेकाठचा

पीएसच्या अधिकच्या चिन्हाला कमी लेखू नका, मी त्यात भाजलोय. सविस्तर लिहितो.

क्लायंटकडे एक डेटा उचलणारी सर्व्हिस होती, ती देशपांडे नावाच्या युजरखाली चालायची, इंग्रजीत नऊ अक्षरं. दर दहा मिनिटांनी एक स्क्रिप्ट बघायची की सर्व्हिस चालू आहे का, नसेल तर सुरू करायची. ती बघायची कशी, तर पीएस ऑक्स काढायचं आणि पहिल्या कॉलममध्ये ते नाव शोधायचं. टेस्टिंगला आम्ही कुलकर्णी नावाच्या खात्यावर चालवली होती. आठ अक्षरं, कॉलममध्ये पूर्ण बसायचं, स्क्रिप्ट उत्तम चालली. रात्री दहाला खऱ्या खात्यावर लावली आणि घरी गेलो.

तिथे पीएसने नाव छापलं देशपान आणि पुढे अधिक. स्क्रिप्टला देशपांडे सापडेना. तिने ठरवलं सर्व्हिस बंद आहे, नवीन सुरू केली. दहा मिनिटांनी परत. सकाळी सहाला फोन आला तेव्हा ४८ कॉपी चालत होत्या, स्वॅप भरलेला, एसएसएचला प्रॉम्प्ट यायला चार मिनिटं लागली. आणि प्रत्येक कॉपी त्याच फाइलीत लिहीत होती, त्यामुळे डेटाही दोनदोनदा.

आम्ही नेटवर्कला दोष देत बसलो अर्धा दिवस. शेवटी टीममधल्या ट्रेनी मुलीने पीएसचं आउटपुट बोटाने धरून वाचलं आणि म्हणाली, सर इथे नाव पूर्ण नाहीये.

तेव्हापासून नियम केलाय. माणसाने बघायच्या आउटपुटवर स्क्रिप्ट उभी करायची नाही. प्रोसेस शोधणाऱ्या पीग्रेपला यू लावून नाव द्या, ते आतून यूआयडी काढून जुळवतं, नाव किती का लांब असेना. पीएसच हवं असेल तर कॉलम स्वतः मागा आणि युजरपुढे कोलन देऊन रुंदी लिहा, ३२ म्हटलं की ३२ मिळतं. आणि पीएसच्या जुन्या आवृत्त्यांत तर अधिकचं चिन्हही नव्हतं, नाव मावलं नाही की ते सरळ यूआयडीचा आकडा छापायचं, त्यामुळे वेगवेगळ्या वयाच्या दोन मशीनवर एकच स्क्रिप्ट दोन तऱ्हेने चुकते.

तुमच्याच मशीनवर बघा की, डेबियन उबुंटूवर सिस्टिमडी-नेटवर्क, सिस्टिमडी-रिझॉल्व्ह, सिस्टिमडी-टाइमसिंक हे वेगळे युजर आहेत, पीएस ऑक्समध्ये सगळे सिस्टिमडी आणि अधिक असेच दिसतात. कोण कुठला काही कळत नाही. मेसेजबसही दहा अक्षरांचं, तेही कापलेलं.

एडिसनकर

टर्मिनलप्रेमी, एक दुरुस्ती सुचवतो, राग मानू नका. कर्नलला नाव माहीत नसतं हे लिनक्सपुरतं ठीक, पण बीएसडीत, म्हणजे युनिक्सच्या दुसऱ्या शाखेत, तसं नाही. तिथे सेट-लॉगिन नावाचा सिस्टिम कॉलच आहे आणि लॉगिनचं नाव सेशनच्या रचनेत, कर्नलच्या आत, ठेवलेलं असतं. त्यामुळे फ्रीबीएसडीत नावाची लांबी हा कर्नलमधला एक ठरलेला आकडा आहे. पूर्वी १६ अक्षरं मिळायची, आता ३२. ओपनबीएसडीत ३१. मी घरी बॅकअपला फ्रीबीएसडी चालवतो, तिथे जुन्या आवृत्तीवर लेकीचं पूर्ण नाव बसलं नव्हतं, अपग्रेडनंतर बसलं.

आणि कोणी बोललं नाही म्हणून, टारफाइल, म्हणजे अनेक फाइलींचं एकत्र गाठोडं, विसरू नका. टारच्या यूस्टार हेडरमध्ये मालकाच्या नावाला ३२ बाइटची जागा, त्यात शेवटचा शून्य, म्हणजे कामाची ३१. रूट या सर्वाधिकारी खात्यातून टार उघडलं की ते आधी नाव जुळवतं, नाव सापडलं नाही तरच आकड्यावर जातं. म्हणजे तुमच्या जुन्या मशीनवरच्या टारमध्ये सूर्यवान असेल आणि नव्या मशीनवर तसं कोणी नसेल, तर फाइली जुन्या यूआयडीच्या आकड्यावर पडतील, आणि तो आकडा नव्या मशीनवर दुसऱ्याच कोणाचा असेल तर काकांच्या फाइली त्याच्या झाल्या. खाती हलवताना हे जरूर तपासा.

टर्मिनलप्रेमी

@एडिसनकर राग कसला, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे माझं वाक्य लिनक्सपुरतंच वाचा मंडळी.

रंकाळा_सनसेट

हॅलो, मी उलट बाजूने सांगतो. यूजरॲडने अडवलं तर अडवू दे, खाती एलडॅपमध्ये करा, तिथे कोणी लांबी विचारत नाही. आमच्याकडे चाळीस अक्षरी नावं आहेत आणि लोक रोज लॉगिन करतात, काही बिघडत नाही.

मुठेकाठचा

@रंकाळा लॉगिन होतं हे खरं. पण लॉगिनच्या नोंदी दाखवणारं लास्ट मारून बघा एकदा, डब्ल्यू लावून, म्हणजे पूर्ण नाव दाखवायला सांगून. ३२ च्या पुढचं कापलेलं दिसेल, कारण नोंद करतानाच ते कापलं गेलंय, दाखवताना नाही.

रंकाळा_सनसेट

बघितलं. बरोबर आहे तुमचं. आणि त्याहून वाईट सापडलं. आमच्याकडे विंडोजच्या डोमेनमधून युजर येतात, नावापुढे ॲट आणि डोमेनचं नाव असं पूर्ण. दोन शाखांची डोमेन नावं सुरुवातीला सारखी आहेत आणि फरक शेवटी आहे. एकाच नावाच्या दोन माणसांची नोंद लास्टमध्ये हुबेहूब एक दिसतेय. ऑडिटवाल्यांना मी गेली दोन वर्षं हीच यादी छापून देतोय. उद्या सकाळी पहिलं काम हेच. खूप आभार, खरंच.

गोदाताई, म्हणजे माझा वरचा सल्ला मागे घेतो. आणि विंडोजला जोडणार असाल तर तिथलं जुन्या पद्धतीचं लॉगिन नाव २० अक्षरांचंच असतं हेही लक्षात घ्या. नाव टिंब आडनाव केलंत तरी तुमच्या काकांचं २३ होतं, म्हणजे वीसला कापलं की टिंबापुढे परत सूर्यवानच उरतं.

गोदाकाठ

अरे देवा. हे मोजून बघितलं. खरंच सूर्यवान उरतं.

बरं, टिंबाचं काय? टिंब दिलं तर चालतं का? आमच्या स्क्रिप्टने काही खाती टिंबासकट केलीत आणि चाललीयत.

जुना_जाणता

चालतं, पॉसिक्सच्या पात्र अक्षरांत टिंब आहे, अक्षरं, आकडे, टिंब, अधोरेखा आणि मधली रेघ, फक्त रेघ पहिली नको, नाहीतर कमांडला ते ऑप्शन वाटतं. पण पूर्वी फाइलचा मालक बदलणाऱ्या सीएच-ओनला मालक आणि ग्रुप यांच्यामध्ये कोलनऐवजी टिंब द्यायची पद्धत होती आणि जीएनयूचं सीएच-ओन अजूनही ते समजून घ्यायचा प्रयत्न करतं. जुन्या स्क्रिप्टांत हे टिंबाचं लिखाण ठासून भरलेलं असतं. नाव टिंब आडनाव असं युजरनेम आणि जुनी स्क्रिप्ट एकत्र आली की कुठे काय तुटेल ते मीही सांगू शकणार नाही. मी असतो तर टिंब टाळलं असतं.

मडगावकार

मी कोड लिहिणारा नाही, मराठीचा मास्तर आहे, शाळेची लॅब बघतो म्हणून हा धागा वाचतोय. एक विचारू का? इंग्रजीत ३८ होतात, पण देवनागरीत ज्ञानेश्वर म्हणजे पाच अक्षरं फक्त. ज्ञा, ने, श्व, र, बरं, चारच. सूर्यवंशी म्हणजे सू, र्य, वं, शी, तीही चार. मग देवनागरीतच युजरनेम दिलं तर आठांत मावणार नाही का? मुलांना स्वतःचं नाव स्वतःच्या लिपीत टाईप करता आलं तर मला फार आवडेल.

टर्मिनलप्रेमी

सर, प्रश्न मनापासून आवडला, पण मशीन तुमची अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. ज्ञानेश्वर युनिकोडमध्ये असा साठतो, ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. दहा खुणा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट, म्हणजे ३०. बत्तिसात कसंबसं बसेल. सूर्यवंशी नऊ खुणा, २७ बाइट. दोन्ही मिळून मध्ये टिंब टाकलं तर ५८. आणि ३२ वर कापायची वेळ आली तर कातरी खुणेच्या मधोमध पडते, तीनातला एकच बाइट राहतो, आणि स्क्रीनवर चौकोन दिसतो.

तसंही बऱ्याच लिनक्सवर यूजरॲड देवनागरी घेतच नाही. आणि ते न घेतलेलंच बरं वाटतं मला, कारण नाव नुसतं लॉगिनला लागत नाही. होम फोल्डर त्या नावाचं, मेलची पेटी त्या नावाची, ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची क्रॉनटॅब फाइल त्या नावाची, आणि समोर कीबोर्ड मराठी नसेल तर माणूस स्वतःच्याच खात्याबाहेर अडकेल.

पण थांबा, निराश होऊ नका. पासवर्ड फाइलमध्ये प्रत्येक ओळीत सात रकाने असतात, त्यातला पाचवा रकाना माणसाच्या पूर्ण नावासाठीच आहे. त्याला गेकॉस म्हणतात. नाव विचित्र आहे, बेल लॅब्जमधलं युनिक्स प्रिंटिंगची कामं जीकॉस नावाची दुसरी सिस्टिम चालवणाऱ्या मोठ्या मशीनकडे पाठवायचं, तिथली ओळख ठेवायला हा रकाना केला होता. ते मशीन गेलं, रकाना राहिला. यात देवनागरी चालतं. कोलन आणि स्वल्पविराम तेवढा टाळायचा. आणि डेस्कटॉपच्या लॉगिन स्क्रीनवर, निदान ग्नोममध्ये, युजरनेम दिसत नाही, हे नाव दिसतं.

मडगावकार

म्हणजे लॅबमध्ये मुलांची नावं देवनागरीत दिसतील? आजच करून बघतो.

बदलापूर_लोकल

गोदाताई, मग उत्तर मिळालं की. युजरनेम छोटं, आठाच्या आत, जगातल्या कुठल्याही युनिक्सवर चालेल असं. पूर्ण नाव गेकॉसमध्ये. नावाचं काम नावाच्या रकान्याला करू द्या.

भीमथडी

धागा पहिल्यापासून वाचला, आता लिहिते. युजरनेममध्ये नाव घालूच नका अशी माझी विनंती आहे. लग्नानंतर माझं आडनाव बदललं, ऑफिसने आयडी बदलून दिला, खातं बदलणाऱ्या यूजरमॉडने. त्याने फक्त लॉगिनचं नाव बदललं. होम फोल्डर जुन्या नावाचं, क्रॉनटॅब जुन्या नावावर, सुडोच्या, म्हणजे रूटचे अधिकार मिळणाऱ्यांच्या, यादीत जुनं नाव, रूटशिवाय चालणारे कंटेनर बंद पडले कारण सब-यूआयडीच्या फाइलीत जुनं नाव. महिनाभर रोज काहीतरी तुटायचं. चार वर्षांनी मी माहेरचं आडनाव परत घेतलं आणि परत तेच सगळं. कोणी मुद्दाम केलं नाही, पण दर वेळी चार लोकांना जाऊन माझं आडनाव का बदललं ते सांगावं लागलं, ते मला नको होतं.

नावाची आद्याक्षरं आणि कर्मचारी क्रमांक द्या. आडनाव बदललं तरी क्रमांक तोच.

मुठेकाठचा

भीमथडीताईंना पूर्ण पाठिंबा. फक्त क्रमांक पुढे नको, अक्षर पुढे. नुसत्या आकड्यांचं नाव केलं तर सीएच-ओनला ते नाव की यूआयडी हा प्रश्न पडतो. आणि आकड्याने सुरू होणारी नावंही टाळा. २०१७ मध्ये सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टिमडीत हेच झालं होतं, सर्व्हिस फाइलमध्ये युजर म्हणून झिरोडे लिहिलं, शून्याचा आकडा आणि पुढे डे, सिस्टिमडीला ते नाव अवैध वाटलं, त्याने ती ओळच सोडून दिली आणि सर्व्हिस रूट म्हणून चालवली. नंतर दुरुस्त केलं त्यांनी. नाव कापलं जाणं एक वेळ परवडलं, पण नाव पटलं नाही म्हणून रूट बनवणं फार वाईट.

गोदाकाठ

दोन आठवड्यांनी परत आलेय. सगळ्यांनी एवढा वेळ दिलात त्यामुळे काय झालं ते सांगायलाच हवं.

वरिष्ठांना हा धागा छापून दाखवला, देशपांडेची ४८ कॉपीवाली गोष्ट वाचून ते लगेच तयार झाले. युजरनेम आद्याक्षरं आणि क्रमांक, काकांचं डीसीएस आणि पुढे २१४, सहा अक्षरं. यूआयडीही त्याच क्रमांकावरून, दहा हजार अधिक २१४. एडिसनकरांनी सांगितलं तसं जुन्या टारमधले आकडे एकेक जुळवून घेतले, तीन ठिकाणी खरोखरच दुसऱ्याच्या आकड्यावर पडणार होते.

मग गेकॉस. काकांपासूनच सुरुवात केली, गेकॉस बदलणाऱ्या सीएचएफएनने देवनागरीत पूर्ण नाव टाकलं आणि ते म्हणालं फील्ड फार लांब आहे. मला रडूच यायचं बाकी होतं. टर्मिनलप्रेमींनी शिकवलेलं मोजणं केलं, ज्ञानेश्वर ३०, चंद्रशेखर २७, सूर्यवंशी २७, दोन स्पेस, ८६ बाइट. शोधल्यावर कळलं की डेबियन उबुंटूवरचं सीएचएफएन ८० वर थांबतं. मात्र यूजरमॉडला रूट म्हणून सी लावून तेच नाव दिलं तर ते मोजत नाही, घेतलं त्याने.

काल स्टोअरमधल्या मशीनवर काकांना बसवलं. स्क्रीनवर तिन्ही नावं पूर्ण, एका ओळीत. काकांनी चष्मा पुसला, परत घातला, आणि बोट ठेवून सावकाश वाचलं. मग म्हणाले, ताई, माझ्या शेजारच्या पवारांच्या नावात यशवंत ऐवजी येशवंत झालंय बघ. आणि खरंच झालं होतं, यादीतच चूक होती.

आता साडेतीनशे नावं एकेक माणसाला समोर बसवून वाचून घेतेय. आज सत्तर झाली.

मडगावकार

ताई, आमच्या लॅबमध्ये बत्तीस मुलांची झाली. दोघांच्या वेलांट्या मुलांनीच दुरुस्त करून दिल्या.